लिनक्समधील पॅकेज व्यवस्थापकाचे आज्ञा-पर्याय : स्वरूप, वर्गीकरण व जबाबदारी
(‘ॲप्ट’ व ‘डीपीकेजी’ यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर सॉफ्टवेअर बसविणे, अद्ययावत करणे व काढून टाकणे ही कामे पॅकेज व्यवस्थापकामार्फत केली जातात. आज्ञेसोबत दिले जाणारे पर्याय सामान्यतः ‘श्रम वाचविण्याची सोय’ म्हणून शिकविले जातात. प्रस्तुत लेखात या पर्यायांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले आहे. आज्ञा देणारा मनुष्य आणि ती पार पाडणारे यंत्र यांच्यात निर्णयाची वाटणी कशी व्हावी, हे पर्याय ठरवितात, असे येथे प्रतिपादन केले आहे. डेबियन कुळातील ‘ॲप्ट’ व ‘डीपीकेजी’ या साधनांच्या पर्यायांचे पाच गट करून, २०१९, २०२१ व २०२४ मधील तीन प्रसंगांच्या आधारे त्यांचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : लिनक्स, डेबियन, पॅकेज व्यवस्थापक, आज्ञा-पर्याय, अवलंबित्व, पूर्वचाचणी, संमती.

प्रस्तावना

संगणक प्रयोगशाळा ही आज केवळ संगणकशास्त्र विभागाची राहिलेली नाही. संख्याशास्त्र, भूगोल, भौतिकशास्त्र, वाणिज्य, इतकेच नव्हे तर भाषा विभागांनाही तिची गरज भासते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर परवाना शुल्काविना उपलब्ध असल्याने अनेक महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळांत लिनक्सचा अवलंब केला आहे. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीदेखील डेबियनवरच आधारलेली आहे. त्यामुळे डेबियनच्या पॅकेज व्यवस्थापकाचे ज्ञान हे आता केवळ तज्ज्ञांपुरते मर्यादित ठेवण्यासारखे राहिलेले नाही.

प्रत्यक्षात मात्र हे ज्ञान बहुधा तुकड्या-तुकड्यांनी मिळविले जाते. कोठेतरी वाचलेली एखादी आज्ञा जशीच्या तशी टंकलिखित केली जाते, ती चालली की काम झाले असे मानले जाते आणि त्या आज्ञेतील लहानशा आडव्या रेघेनंतरच्या अक्षराचा अर्थ विचारला जात नाही. बहुतेक वेळा यातून काही बिघडत नाही. परंतु ज्या वेळी बिघडते त्या वेळी एका प्राध्यापकाचा संगणक नव्हे, तर संपूर्ण तुकडीची प्रात्यक्षिक परीक्षा अडचणीत येते. म्हणूनच या पर्यायांचा पद्धतशीर विचार होणे आवश्यक आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज्ञा व पर्याय संगणकावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहावे लागतात. या लेखात ते उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. पूर्ण शब्दाच्या पर्यायापूर्वी दोन आडव्या रेघा व एकाक्षरी पर्यायापूर्वी एक आडवी रेघ असते, हा संकेत येथेही पाळला आहे.

पॅकेज व्यवस्थापक : पार्श्वभूमी व कार्य

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. एका व्यक्तीने किंवा एका कंपनीने नव्हे, तर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम उभारावी, ही त्यामागील कल्पना होती. अशा रचनेत प्रत्येक सॉफ्टवेअर ठरावीक शिस्तीने बांधलेले असणे अपरिहार्य ठरते. ही बांधणी म्हणजे ‘पॅकेज’. पॅकेजमध्ये कार्यक्रमाच्या फाइली तर असतातच, शिवाय त्याचे नाव, आवृत्ती, वर्णन आणि ते चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजेस लागतात याची यादीही असते. या शेवटच्या यादीला ‘अवलंबित्व’ म्हणतात.

डेबियनमध्ये हे काम दोन स्तरांवर चालते. खालच्या स्तरावर ‘डीपीकेजी’ हे साधन आहे. ते हाताशी असलेली पॅकेज-फाइल उघडून तिच्यातील घटक योग्य जागी ठेवते व त्याची नोंद करते. मात्र एखादे आवश्यक पॅकेज उपलब्ध नसेल तर ते कोठून आणावे हे त्याला ठाऊक नसते. ते केवळ तक्रार करते. वरच्या स्तरावर ‘ॲप्ट’ आहे. मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीबरोबर ते सर्वसामान्य वापरात आले. ते दूरच्या भांडारातील याद्या वाचते, अवलंबित्वाचे गणित सोडविते, लागणाऱ्या सर्व फाइली उतरवून घेते आणि मग प्रत्यक्ष बसविण्याचे काम डीपीकेजीकडे सोपविते. गोदामाची पूर्ण यादी बाळगणारा भांडारपाल आणि हाती दिलेली वस्तू फळीवर मांडणारा मदतनीस, असा या दोहोंतील संबंध म्हणता येईल.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ च्या भांडारात ६९ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. त्यांच्यातील परस्परसंबंध मनुष्याने स्मरणात ठेवणे अशक्य आहे. एका पॅकेजची मागणी केली असता यंत्र वीस नवी पॅकेजेस सुचवू शकते किंवा परस्परविरोध असल्यास जुनी काढून टाकण्याचाही प्रस्ताव मांडू शकते. प्रस्ताव यंत्राचा असतो, पण त्याला संमती मनुष्याची लागते. ही संमती कोणत्या टप्प्यावर, किती माहितीनिशी व कोणत्या मर्यादेपर्यंत द्यावयाची, हे ठरविणारे साधन म्हणजे पर्याय होय.

आज्ञेची रचना

ॲप्टच्या आज्ञेचे साधारणतः चार भाग पडतात : साधनाचे नाव, पर्याय, क्रिया आणि पॅकेजचे नाव. उदाहरणार्थ, देवनागरी लिपीचा लोहित टंक बसविण्यासाठी ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देव’ असे लिहिले जाते. यात ‘ॲप्ट-गेट’ हे साधन, ‘इन्स्टॉल’ ही क्रिया व शेवटचे पॅकेजचे नाव आहे. पर्याय एकही नाही. ‘ॲप्ट-गेट --सिम्युलेट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देव’ असे लिहिताच आज्ञेचा अर्थ पालटतो. आता टंक बसत नाही, तो बसविल्यास काय घडेल याचे केवळ कथन होते. वाक्यात क्रियापद तेच राहून ‘करा’ ऐवजी ‘केल्यास काय होईल ते सांगा’ असा भाव यावा, तसे हे आहे. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर क्रिया ही धातू आणि पर्याय हा त्याचा अर्थ ठरविणारा प्रत्यय होय.

रचनेतील एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे योग्य ठरेल. पॅकेजच्या नावाला शेवटी जोडून वजाचे चिन्ह दिल्यास ‘इन्स्टॉल’ ही क्रिया असूनही ते पॅकेज काढले जाते आणि ‘रिमूव्ह’ क्रियेत नावाला अधिकचे चिन्ह जोडल्यास ते बसविले जाते. एकाच आज्ञेत एक वस्तू काढून तिच्या जागी दुसरी आणण्यासाठी ही सोय आहे. तथापि टंकलेखनात चुकून पडलेले एक चिन्हदेखील आज्ञेचा अर्थ उलटा करू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

तसेच २०१४ मध्ये ॲप्टच्या १.० आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ या नावाचीच एक सुटसुटीत आज्ञा उपलब्ध झाली. ती मनुष्याच्या समोरासमोर वापरासाठी आहे. स्वयंचलित कार्यासाठी, म्हणजे लिपीबद्ध आज्ञासंचासाठी, मात्र ‘ॲप्ट-गेट’ वापरणेच इष्ट होय, कारण तिचे वर्तन आवृत्तीगणिक सहसा बदलले जात नाही.

पर्यायांचे वर्गीकरण

पर्यायांची संपूर्ण यादी साधनाच्या माहितीपुस्तिकेत असते. येथे त्यांच्या हेतूनुसार पाच गट केले आहेत.

१) पूर्वविचाराचे पर्याय

या गटातील प्रमुख पर्याय म्हणजे ‘--सिम्युलेट’. त्याचे एकाक्षरी रूप ‘-एस’ असून ‘--ड्राय-रन’, ‘--जस्ट-प्रिंट’ व ‘--नो-ॲक्ट’ ही त्याचीच अन्य नावे आहेत. हा पर्याय दिला असता यंत्रणेत कोणताही बदल होत नाही. पडद्यावर ओळी येतात व प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘इन्स्ट’, ‘कॉन्फ’ किंवा ‘रेम्व्ह’ यांपैकी एक संक्षेप असतो. पहिला पॅकेज उघडून ठेवले जाईल असे सांगतो, दुसरा त्याची मांडणी पूर्ण केली जाईल असे, तर तिसरा ते काढले जाईल असे सूचित करतो. शिक्षकाने विद्यार्थ्यांना सर्वप्रथम हा तिसरा संक्षेप शोधण्यास शिकवावे. बसविण्याची आज्ञा दिली असताना काढण्याच्या ओळी दिसत असतील, तर पुढे जाण्यापूर्वी थांबले पाहिजे. विशेष म्हणजे या पूर्वचाचणीसाठी ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार लागत नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती ती निर्धास्तपणे देता येते.

‘--डाउनलोड-ओन्ली’ (‘-डी’) हा पर्याय फाइली उतरवून साठवून ठेवतो, बसवीत नाही. जेथे इंटरनेटची जोडणी ठरावीक वेळीच मिळते तेथे तो उपयुक्त ठरतो. ‘--प्रिंट-यूआरआयज’ हा पर्याय फाइलींचे पत्ते, आकार व पडताळणीचा अंक छापून देतो. त्यामुळे जोडणी नसलेल्या संगणकासाठी लागणाऱ्या फाइली दुसरीकडून आणता येतात.

२) संमतीचे पर्याय

‘--यस’ किंवा ‘-वाय’ हा बहुधा सर्वाधिक वापरला जाणारा व सर्वांत कमी विचारला जाणारा पर्याय आहे. यंत्र जे जे प्रश्न विचारील त्या सर्वांना आगाऊ ‘होय’ म्हणून ठेवणे, हा त्याचा अर्थ. कोऱ्या धनादेशावर स्वाक्षरी करून ठेवण्यासारखेच हे आहे. तथापि ॲप्टच्या कर्त्यांनी या धनादेशावर रकमेची मर्यादा घातली आहे. रोखून ठेवलेले पॅकेज बदलावे लागत असेल, स्वाक्षरीची पडताळणी न झालेले पॅकेज बसवावे लागत असेल किंवा अत्यावश्यक पॅकेज काढावे लागत असेल, तर ‘-वाय’ दिलेले असूनही ॲप्ट-गेट काम थांबविते. याच्या उलट ‘--अझ्यूम-नो’ हा पर्याय सर्व प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर देतो.

या गटात एक छुपा सदस्यही आहे. ‘-क्यू’ हा पर्याय पडद्यावरील मजकूर कमी करतो. तो निरुपद्रवी वाटतो. परंतु तोच दोनदा दिला असता, म्हणजे ‘-क्यूक्यू’ असे लिहिले असता, त्यात ‘-वाय’ अंतर्भूत असल्याचे मानले जाते. ज्याने केवळ शांतता मागितली त्याने नकळत संमतीही दिलेली असते. म्हणूनच पूर्वचाचणी किंवा केवळ उतरवून घेणे यांसारख्या पर्यायाची जोड असल्याशिवाय ‘-क्यूक्यू’ वापरू नये, असा स्पष्ट इशारा माहितीपुस्तिकेतच दिला आहे.

३) मर्यादा घालणारे पर्याय

काही पॅकेजेस ‘आवश्यक’ नसली तरी ‘शिफारस केलेली’ असतात. २००९ मधील डेबियन ५.० पासून अशी शिफारस केलेली पॅकेजेसही आपोआप बसतात. जुन्या, कमी साठवणक्षमतेच्या संगणकांवर हे नको असल्यास ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय द्यावा. मात्र त्यामुळे एखादी अपेक्षित सोय अनुपलब्ध राहू शकते, याची जाणीव ठेवावी.

अभ्यासक्रमात विशिष्ट आवृत्ती नेमलेली असेल तर ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ या आज्ञेने ते पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून ठेवता येते. ‘अनहोल्ड’ने ते पुन्हा मोकळे होते. सत्राच्या मध्यावर आवृत्ती बदलून पाठ्यपुस्तकातील उदाहरणे चालेनाशी होऊ नयेत, यासाठी हा उपाय योग्य आहे. परंतु रोखलेल्या पॅकेजला सुरक्षाविषयक दुरुस्त्याही मिळत नाहीत. त्यामुळे सत्र संपताच रोख उठविणे हे कर्तव्यच ठरते.

अद्ययावतीकरणाच्या क्रियांतही असाच मर्यादेचा भेद आहे. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ ही आज्ञा कोणतेही पॅकेज काढत नाही व नवीन आणतही नाही. ‘ॲप्ट अपग्रेड’ गरजेनुसार नवीन आणते, पण काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ किंवा ‘डिस्ट-अपग्रेड’ मात्र आवश्यक वाटल्यास काढूनही टाकते.

४) काढून टाकण्याचे पर्याय

‘रिमूव्ह’ क्रियेने कार्यक्रम जातो, पण त्याच्या मांडणीच्या फाइली मागे राहतात. ‘डीपीकेजी -एल’ या आज्ञेने मिळणाऱ्या यादीत अशा पॅकेजपुढे ‘आरसी’ ही अक्षरे दिसतात. व्यवस्थित बसलेल्या पॅकेजपुढे ‘आयआय’ असते. ‘--पर्ज’ हा पर्याय दिल्यास मांडणीच्या फाइलीही जातात. वापरकर्त्याच्या व्यक्तिगत निर्देशिकेतील फाइलींना तो हात लावत नाही. मारियाडीबीसारख्या डेटाबेसच्या बाबतीत साठविलेली माहितीही काढावी काय, असा स्वतंत्र प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर घाईने देऊ नये, हे निराळे सांगावयास नको.

‘ऑटोरिमूव्ह’ ही क्रिया अन्य पॅकेजच्या गरजेपोटी आलेली व आता कोणालाच नको असलेली पॅकेजेस काढते. येथे ‘कोणालाच’ म्हणजे ‘अन्य कोणत्याही पॅकेजला’ होय. प्रयोगशाळेतील विद्यार्थी ते रोज वापरीत आहेत की नाही, हे यंत्राला कळत नाही. अशा पॅकेजवर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने मोहोर उमटवून ठेवली की ते सुरक्षित राहते.

५) नियम शिथिल करणारे पर्याय

हा सर्वांत जोखमीचा गट होय. डीपीकेजीमध्ये ‘--फोर्स’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या पर्यायांचे एक कुटुंबच आहे. त्यांची यादी ‘--फोर्स-हेल्प’ने पाहता येते. ॲप्ट-गेटमध्ये दीर्घकाळ ‘--फोर्स-यस’ असा एकच सरसकट पर्याय होता. तो दिला की सर्व धोके एकदम पत्करले जात. ॲप्टच्या १.१ आवृत्तीत तो त्याज्य ठरविण्यात आला व त्याच्या जागी चार स्वतंत्र पर्याय रूढ झाले : पडताळणी न झालेले पॅकेज चालेल असे सांगणारा ‘--अलाउ-अनऑथेंटिकेटेड’, मागील आवृत्तीकडे जाऊ देणारा ‘--अलाउ-डाउनग्रेड्स’, अत्यावश्यक पॅकेज काढू देणारा ‘--अलाउ-रिमूव्ह-इसेन्शियल’ आणि रोखलेले पॅकेज बदलू देणारा ‘--अलाउ-चेंज-हेल्ड-पॅकेजेस’.

या बदलामागील विचार लक्षणीय आहे. पूर्वी वापरकर्ता ‘काहीही होवो’ असे म्हणू शकत होता. आता त्याला नेमका कोणता धोका पत्करावयाचा आहे, हे नाव घेऊन सांगावे लागते. धोक्याचे नाव घेण्यासाठी तो आधी ओळखावा लागतो. अशा प्रकारे पर्यायाची रचनाच वापरकर्त्याला विचार करावयास लावते.

‘--फिक्स-ब्रोकन’ (‘-एफ’) हा पर्याय वरवर याच गटातला वाटला तरी तो दुरुस्तीसाठी आहे. अर्धवट राहिलेले अवलंबित्व तो पूर्ण करू पाहतो. मात्र कधी कधी आवश्यक पॅकेज न मिळाल्यास, नुकतेच बसविलेले पॅकेज काढणे हीच दुरुस्ती, असा निष्कर्ष यंत्र काढते. म्हणून त्याच्यासोबतही आधी ‘-एस’ जोडून पाहणे शहाणपणाचे ठरते.

अन्य कुळांतील समांतर पर्याय

पॅकेज व्यवस्थापक बदलला तरी वर सांगितलेले गट कायम राहतात. रेड हॅट कुळातील ‘आरपीएम’मध्ये पूर्वचाचणीसाठी ‘--टेस्ट’ व अवलंबित्वाचा नियम शिथिल करण्यासाठी ‘--नोडेप्स’ हे पर्याय आहेत. ‘डीएनएफ’मध्ये ‘--अझ्यूमनो’ व ‘--डाउनलोडओन्ली’ आढळतात. सूसे कुळातील ‘झिपर’मध्ये ‘--ड्राय-रन’ हाच शब्द आहे. यावरून असे दिसते की, पूर्वविचार, संमती व शिथिलीकरण या गरजा एखाद्या विशिष्ट साधनाच्या नसून त्या मनुष्य-यंत्र व्यवहाराच्याच आहेत. विद्यार्थ्याला अक्षरे पाठ करावयास लावण्याऐवजी गट समजावून दिल्यास तो कोणत्याही कुळात वाट शोधू शकेल.

तीन प्रसंग

पहिला प्रसंग जानेवारी २०१९ मधील आहे. मॅक्स जस्टिक्झ या संशोधकाला ॲप्टमध्येच एक गंभीर दोष आढळला. भांडाराकडून ‘फाइल येथे नसून तेथे आहे’ असा निर्देश आला असता ॲप्ट त्याची पुरेशी छाननी करीत नसे. त्यामुळे मार्गात बसलेला हल्लेखोर बनावट पॅकेज घुसवून सर्वाधिकाराने आपली आज्ञा चालवू शकत होता. दोष दुरुस्त झाला, पण पेच असा की, दुरुस्त ॲप्ट मिळविण्यासाठी सदोष ॲप्टच वापरावे लागणार होते. वैद्यच आजारी आणि औषध आणावयाचे त्यानेच, अशी ही अवस्था होती. डेबियनने त्यावर एका पर्यायाचाच उपाय सुचविला. ‘-ओ’ या पर्यायाने मांडणीतील कोणतेही मूल्य त्या एका आज्ञेपुरते बदलता येते. त्याद्वारे अशा पुनर्निर्देशनाला अनुमती देणारे मूल्य ‘फॉल्स’ म्हणजे ‘नाही’ असे करून अद्ययावतीकरण करावे, असे सांगण्यात आले. पर्याय हा केवळ सोयीचा नसून संरक्षणाचाही असतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०२१ मध्ये गाजला. चित्रफितींद्वारे संगणकविषयक माहिती देणारे लायनस सेबॅस्टियन यांनी ‘पॉप-ओएस’ या डेबियन कुळातील प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसविण्याचा प्रयत्न केला. भांडारातील अवलंबित्वात त्या वेळी चूक राहून गेली होती. चित्रमय साधनाने बसविण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी आज्ञा-ओळीचा मार्ग धरला. ॲप्टने काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची लांबलचक यादी दाखविली, हानीचा इशारा दिला आणि पुढे जावयाचे असल्यास ‘होय, मी सांगतो तसे करा’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य जसेच्या तसे टंकलिखित करण्यास सांगितले. ते वाक्य लिहिले गेले आणि संगणकाचा संपूर्ण चित्रमय पडदाच काढला गेला.

या प्रसंगावर दोन्ही बाजूंनी मते मांडता येतात. इशारा दिला होता, तो वाचला गेला नाही, हे खरे. परंतु मूळ चूक वापरकर्त्याची नव्हती हेही खरे. एक खेळ बसविताना पडदा नाहीसा होईल, अशी कल्पना कोण करील? त्याच महिन्यात आलेल्या ॲप्टच्या २.३.१२ आवृत्तीत यावर उपाय योजण्यात आला. ते वाक्य विचारण्याची पद्धत नेहमीच्या वापरातून दूर करण्यात आली. अत्यावश्यक पॅकेज खरोखरच काढावयाचे असेल तर ‘--अलाउ-रिमूव्ह-इसेन्शियल’ हा पर्याय आरंभीच द्यावा लागतो. यातील फरक सूक्ष्म असला तरी मोलाचा आहे. कामाच्या ओघात विचारलेल्या प्रश्नाला मनुष्य सवयीने होकार देतो. पर्याय मात्र काम सुरू करण्यापूर्वी, स्वतःहून लिहावा लागतो.

तिसरा प्रसंग मार्च २०२४ मधील आहे. माहिती संकुचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केले. डेबियनची स्थिर आवृत्ती यातून बचावली, परंतु चाचणीच्या व त्यापुढील शाखांत ही पॅकेजेस पोहोचली होती. जुन्या, निर्दोष आवृत्तीकडे परतणे आवश्यक होते. येथे ॲप्टचा एक नियम आडवा आला : अनुमती दिल्याशिवाय ते मागील आवृत्तीकडे जात नाही. प्रत्येक वापरकर्त्याने ‘--अलाउ-डाउनग्रेड्स’ द्यावे, अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नव्हते. म्हणून डेबियनने आतील सामग्री ५.४.५ ची ठेवून पॅकेजच्या क्रमांकात ‘५.६.१’ नंतर ‘रिअली ५.४.५’ अशी जोड दिली. क्रमांक मोठा दिसल्याने ॲप्टने ते ‘नवे’ समजून स्वीकारले.

या प्रसंगातून आणखी एक बोध मिळतो. दूषित पॅकेजवरील भांडाराची स्वाक्षरी अस्सल होती. २००७ मधील डेबियन ४.० पासून ॲप्ट स्वाक्षरीची पडताळणी करीत आले आहे. ती पडताळणी ‘हे पॅकेज त्याच भांडारातून आले आहे’ एवढेच सांगते, ‘ते निर्दोष आहे’ असे सांगत नाही. म्हणजे पडताळणी सोडून देणारे पर्याय टाळणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने सावधगिरी पूर्ण होत नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने उपयोजन

वरील विवेचनाचा प्रयोगशाळेच्या व्यवहारात पुढीलप्रमाणे उपयोग होऊ शकतो. एकाच प्रकारच्या अनेक संगणकांवर काम करावयाचे असल्यास प्रथम एका संगणकावर पूर्वचाचणी घ्यावी. ‘रेम्व्ह’ने आरंभ होणाऱ्या ओळी तपासाव्यात. त्यानंतर त्याच संगणकावर ‘-वाय’ न देता आज्ञा चालवावी व मगच उर्वरित संगणकांवर ती ‘-वाय’सह द्यावी. संमती एकदा विचारपूर्वक दिली म्हणजे तिची पुनरावृत्ती यंत्राकडे सोपविण्यास हरकत नाही.

स्वयंचलित अद्ययावतीकरणात मांडणीच्या फाइलींचा प्रश्न उद्भवतो. एखादी फाइल स्थानिक पातळीवर बदललेली असेल आणि पॅकेजमध्येही तिची नवी प्रत आली असेल, तर डीपीकेजी कोणती ठेवावी असे विचारते. ‘-वाय’ हा ॲप्टचा पर्याय असल्याने या प्रश्नाला त्याचे उत्तर लागू पडत नाही. येथे डीपीकेजीचा ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ हा पर्याय जुनी प्रत राखतो. दोन स्तरांतील भेद लक्षात न घेतल्यास ‘सर्व प्रश्नांना होय म्हटले असूनही काम का थांबले’ असा संभ्रम निर्माण होतो.

झालेल्या बदलांची नोंद ॲप्ट स्वतःच इतिहास-नोंदीच्या फाइलीत ठेवते. आज्ञा कोणती होती, ती केव्हा दिली गेली, कोणती पॅकेजेस आली व गेली आणि ‘सुडो’मार्फत दिली असल्यास कोणत्या वापरकर्त्याने दिली, हे तीत नमूद होते. दोषारोपासाठी नव्हे, तर बिघाडाचे मूळ शोधण्यासाठी ही नोंद वाचण्याची सवय प्रयोगशाळा साहाय्यकांना व विद्यार्थ्यांना लावणे हितावह होय.

निष्कर्ष

१. पॅकेज व्यवस्थापकाचे पर्याय हे केवळ लघुरूपे नसून निर्णयाधिकाराची वाटणी करणारी साधने आहेत.
२. पर्यायांचे पूर्वविचार, संमती, मर्यादा, निष्कासन व शिथिलीकरण असे पाच गट पाडता येतात आणि हे गट अन्य कुळांतील व्यवस्थापकांनाही बहुतांशी लागू पडतात.
३. ‘--फोर्स-यस’च्या जागी चार स्वतंत्र पर्याय येणे आणि २०२१ नंतर अत्यावश्यक पॅकेजबाबत पूर्वसंमती अनिवार्य होणे, यावरून सरसकट संमतीकडून नेमक्या संमतीकडे झालेला प्रवास दिसून येतो.
४. स्वाक्षरीची पडताळणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.
५. अध्यापनात ‘-वाय’च्या आधी ‘-एस’ शिकविणे अधिक योग्य ठरते.

समारोप

यंत्राला प्रश्न विचारण्याची मुभा देणे ही गैरसोय वाटू शकते. दहा संगणकांसमोर दहा वेळा ‘होय’ लिहिणे कंटाळवाणे असते, यात शंका नाही. परंतु त्या प्रश्नाच्या वर छापलेली यादी वाचण्यासाठी लागणारी दोन मिनिटे आणि बंद पडलेली प्रयोगशाळा पुन्हा उभी करण्यासाठी लागणारे दोन दिवस यांची तुलना केल्यास खरी बचत कशात आहे, हे सहज उमगते. विद्यार्थ्याला आज्ञा देणे कोणीही शिकवू शकेल. आज्ञा देण्यापूर्वी क्षणभर थांबणे हे मात्र शिक्षकानेच शिकवावयाचे असते, आणि ‘--सिम्युलेट’ हा पर्याय त्यासाठीच आहे.